एनजीएफ टाकलं तरी पेशी ढिम्म? नर्व्ह ग्रोथ प्रोटीन आणि रिसेप्टरच्या बाबतीत या चुका टाळा

सगळ्यात आधी ते कुलूप-किल्लीचं चित्र डोक्यातून काढून टाका. बारावीपासून आपल्याला तेच शिकवलंय, एक किल्ली एक कुलूप, आणि मी पण इतकी वर्षं फळ्यावर तेच काढत आलेय त्यामुळे थोडं पाप माझ्याही माथी आहेच. पण नर्व्ह ग्रोथ फॅक्टर म्हणजे एनजीएफ (नर्व्ह पेशींना जगवणारं, वाढवणारं प्रोटीन) आणि त्याची भावंडं पेशीवरचे रिसेप्टर, म्हणजे त्यांना ओळखून आत निरोप देणारी प्रोटीनं, कसे निवडून निवडून जागे करतात हे बघायला गेलं की ते चित्र पहिल्या पाच मिनिटांत दगा देतं, आणि मग प्रयोग फसला की माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

मी रत्नागिरीजवळ एका कॉलेजात बायोटेक शिकवते. आमच्याकडची पोरं पुढे पुण्या-मुंबईला जातात, एमएस्सी पीएचडी करतात, आणि रात्री साडेअकराला मेसेज टाकतात की मॅडम सहा दिवस झाले, एकाही पेशीला शेपूट नाही. शेपूट म्हणजे न्यूराइट हो, नर्व्ह पेशीतून फुटणारा लांब धागा, लॅबमध्ये कोण एवढा मोठा शब्द वापरतंय. तर तीच तीच उत्तरं टाइप करून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय.

आधी घरातली माणसं ओळखा. प्रोटीन चार: एनजीएफ, बीडीएनएफ, एनटी-३ आणि एनटी-४. रिसेप्टर तीन ट्रॅक, ए बी आणि सी (काही जण ट्रक म्हणतात, मुंबई-गोवा हायवेवर राहून तोंडात तेच बसलंय), आणि चौथा वेगळ्याच घराण्यातला पी-७५. एनजीएफचं घर ट्रॅक-ए, बीडीएनएफ आणि एनटी-४ दोघं ट्रॅक-बी कडे, एनटी-३ ट्रॅक-सी कडे. इथपर्यंत सगळ्यांचं पाठ असतं. पण एनटी-३ म्हणजे वाडीतला तो काका आहे ज्याचं स्वतःचं घर आहे तरी सकाळचा चहा ए च्या पडवीत आणि दुपारचा बी च्या ओटीवर, म्हणजे ट्रॅक-ए आणि ट्रॅक-बी लाही तो थोडंफार जागं करतो, जोर कमी असतो एवढंच. आणि पी-७५ म्हणजे देवळाचा सभामंडप, चौघंही तिथे येऊन टेकतात आणि साधारण सारख्याच ताकदीने टेकतात.

यावरून होणारी चूक मी एका चांगल्या हुशार पोराच्या थीसिसमध्ये बघितलीय. त्याने फायब्रोब्लास्टमध्ये (नर्व्हशी संबंध नसलेल्या साध्या पेशी) फक्त ट्रॅक-ए चा जीन घातला, वर एनटी-३ टाकलं, रिसेप्टर जागा झाला, लगेच लिहून मोकळा की एनटी-३ हे ट्रॅक-ए चं पण प्रोटीन आहे. अरे पण खऱ्या नर्व्ह पेशीत ट्रॅक-ए एकटा कुठे राहतो? शेजारी पी-७५ असतो, आणि तो असला की ट्रॅक-ए जास्त चोखंदळ होतो, एनजीएफला ओळख देतो आणि एनटी-३ ला उंबऱ्यावरच थांबवतो. दोघे मिळून एनजीएफला धरायची जी जागा बनते ती एकेकट्यापेक्षा साधारण १०० पट घट्ट धरते. म्हणजे निवड ही एका रिसेप्टरची नाही, शेजाराची पण आहे. तेव्हा रिकाम्या पेशीत एकच रिसेप्टर घालून 'हा याचा, तो त्याचा' असे निकाल देऊ नका, आणि दिलेच तर खाली स्पष्ट लिहा की पी-७५ नव्हता.

आता ही निवड होते कुठे? ट्रॅकचा पेशीबाहेरचा भाग पाच तुकड्यांचा असतो आणि प्रोटीन बसतं ते पाचव्या तुकड्यावर, म्हणजे पेशीच्या पटलाला सगळ्यात जवळच्या. १९९९ मध्ये एनजीएफ आणि ट्रॅक-ए च्या या पाचव्या तुकड्याची जोडी क्रिस्टलमध्ये दिसली तेव्हा कळलं की दोघांचा संपर्क दोन ठिकाणी होतो. एक जागा सगळ्या भावंडांत सारखीच. दुसरी प्रत्येकाची वेगळी, आणि ती बनते प्रोटीनच्या सुरुवातीच्या टोकापासून, ज्याला आपण एन-टर्मिनस म्हणतो. मजा म्हणजे एनजीएफ एकटं असताना हे टोक असंच लोंबकळत असतं, त्याला धड आकार नसतो, ट्रॅक-ए ला भेटल्यावरच ते वळण घेऊन नीट बसतं.

आणि नेमकं याच टोकाला लोक टॅग, म्हणजे ओळखीची शेंडी, लावतात!! प्रोटीन शुद्ध करायला सोपं पडतं म्हणून सुरुवातीलाच सहा हिस्टिडिन अमिनो अॅसिड चिकटवून टाकायचे आणि मग ट्रॅक-ए ऐकत नाही म्हणून रडायचं. हे टोक कापलेल्या एनजीएफची ट्रॅक-ए ला धरायची ताकद खूप घटते, पण पी-७५ ला ते जवळपास पूर्वीसारखंच धरतं. त्यामुळे तुमच्या बाइंडिंगच्या प्रयोगात 'प्रोटीन पेशीला चिकटतंय' असं छान दिसेल, आणि आत मात्र काही हलणार नाही. चिकटणं आणि जागं करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे पाटीवर लिहून इनक्युबेटरच्या वर लटकवा.

जागं करणं म्हणजे काय ते मी वर्गात शिमग्याची पालखी घेऊन समजावते. हे प्रोटीन एकटं नसतंच, दोन सारख्या साखळ्यांची जोडी असते (एनजीएफची एकेक साखळी ११८ अमिनो अॅसिडची), म्हणजे पालखीचा दांडा समजा. दोन्ही टोकांना खांदा लागला तरच पालखी नाचते. एका बाजूला एक ट्रॅक-ए, दुसऱ्या बाजूला दुसरा, दोघं जवळ आले की आतल्या बाजूला एकमेकांच्या टायरोसिन या अमिनो अॅसिडवर फॉस्फेट लावतात, शिमग्यात आपण एकमेकांना गुलाल लावतो तसं, स्वतःच्या कपाळाला कोणी स्वतः लावत नाही. काही अभ्यासांत असंही दिसलंय की ट्रॅक-ए आधीपासूनच जोडीने उभे असतात पण गप्प, आणि प्रोटीन आल्यावर फक्त नीट वळतात. ते असो, दोन्हीकडे खांदा लागतो हे खरं. म्हणून एकसुटी साखळी किंवा अर्धवट उलगडलेलं प्रोटीन दुप्पट टाकलं तरी उपयोग शून्य. बॅक्टेरियात बनवलेलं प्रोटीन असेल तर त्यातल्या सल्फरच्या गाठी नीट बसल्यात की नाही ते बघा, प्रत्येक साखळीत तीन गाठी असतात आणि त्या एकमेकीत अडकवलेल्या असतात, एक चुकली की गेलं.

आता माझी स्वतःची फजिती सांगते, म्हणजे तुम्हाला वाटायला नको की मॅडम नुसत्या उपदेश करतायत.

एक जुना आणि स्वस्त प्रयोग आहे, कोंबडीच्या आठ दिवसांच्या गर्भातून पाठीच्या कण्याजवळची गॅंग्लियॉन, म्हणजे नर्व्ह पेशींची गाठ, काढायची, थाळीत ठेवायची, एनजीएफ टाकायचं आणि दुसऱ्या दिवशी तिच्याभोवती सूर्याच्या किरणांसारखे धागे फुटलेले बघायचे. १९५० च्या दशकात रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांनी असल्याच किरणांवरून एनजीएफचा माग काढला आणि स्टॅन्ली कोहेन यांच्यासोबत १९८६ चं नोबेल मिळालं. म्हटलं हे आपल्याकडे जमेल. पहिली माती तर अंड्यातच खाल्ली, बाजारातली पांढरी अंडी आणली, ती फळलेली नसतातच! आठ दिवस उबवून आत नुसता बलक. मग आमच्या लॅबमधल्या मामांनी त्यांच्या वाडीतून गावठी अंडी आणली तेव्हा काम सुरू झालं.

एनजीएफची कुपी मुंबईहून येणार होती. जुलै महिना, घाटात दरड, पार्सल दोन दिवस मध्येच कुठेतरी पडून. आलं तेव्हा मामांनी थर्माकोलचा खोका उघडला आणि म्हणाले, "मॅडम, ह्येच्यात बर्फ खंय आसा? नुसतो खोको." ड्राय आइस सगळा उडून गेलेला. आम्ही तरी प्रयोग केला, किरण आले नाहीत, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून कुरिअरवाल्याला आठवडाभर शिव्या घातल्या, मी तर तक्रारीचा मेल पण लिहून ठेवला होता.

कुरिअरवाला निर्दोष होता. कुपीत कोरडी पावडर होती, आणि अशी सुकवलेली पावडर दोन-चार दिवस बाहेर राहिली तरी सहसा मरत नाही. मारलं आम्ही. सगळी पावडर साध्या बफरमध्ये विरघळवली, लगेच पातळ केली, १० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, आणि साध्या प्लास्टिकच्या ट्यूबमध्ये फ्रिजला ठेवून दिली. वर तीच ट्यूब तीनदा गोठवली तीनदा वितळवली. हे प्रोटीन स्वभावाने चिकट, फणसाच्या चिकासारखं, आणि इतकं कमी असलं की त्यातलं बरंचसं ट्यूबच्या भिंतीलाच बसतं. फणस कापताना विळीला आणि हाताला आधी तेल लावतो ना, तसं इथे बफरमध्ये ०.१ टक्का बीएसए (गाईच्या रक्तातलं एक स्वस्त प्रोटीन) घालायचं, म्हणजे भिंतीवरच्या जागा आधीच त्याने भरतात आणि आपलं प्रोटीन पाण्यात राहतं. लो-बाइंडिंग ट्यूब मिळाल्या तर उत्तम. मूळ द्रावण जाडच ठेवा, छोटे छोटे भाग करून उणे ८० ला टाका, आणि पातळ करायचं ते वापरायच्या दिवशी. बीडीएनएफ तर याहून चिकट. दुसऱ्या कुपीला एवढंच केलं, आणि दुसऱ्या दिवशी किरण! मामांनी मायक्रोस्कोपमध्ये डोकावून विचारलं, "ह्याच काय ता?" मी म्हटलं हो मामा, ह्याच. तक्रारीचा मेल डिलीट केला.

तेव्हा शेपूट नाही म्हणून मेसेज टाकण्याआधी ट्यूब बघा. निम्म्या केसेस तिथेच मिटतात.

उरलेल्या निम्म्यांपैकी बऱ्याच पेशीच्या निवडीत अडकतात. पीसी-१२ सगळ्यांच्या लाडक्या, उंदराच्या अॅड्रिनल ग्रंथीच्या गाठीतून १९७६ मध्ये काढलेल्या, एनजीएफ दिलं की विभाजन थांबवून शेपट्या काढतात. त्यांच्याकडे ट्रॅक-ए आहे, पी-७५ आहे. ट्रॅक-बी नाही. तरी दरवर्षी कोणीतरी त्यांच्यावर बीडीएनएफ ओततंच, पैसे घालवतं, आणि मग 'बीडीएनएफ खराब आलं'. बीडीएनएफ बिचारं चांगलं आहे, त्याला दारच नाही. तसंच पीसी-१२ कोऱ्या प्लास्टिकवर नीट धरत नाहीत, कोलॅजेन लावा, गुठळ्या फोडून पातळ पेरा, एनजीएफ ५० ते १०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आणि दर दोन-तीन दिवसांनी ताजं. आणि कोंबडीच्या गॅंग्लियॉनमध्ये उलटं, तिथे फार जास्त दिलं तर वाढ उलट खुंटते, म्हणून 'जास्त टाकलं तर जास्त येईल' हे मिठासारखंच समजा, कालवणात दोन चमचे जास्त पडलं की काय होतं ते आईला विचारा.

दार आहे पण घर रिकामं असा पण प्रकार असतो. ट्रॅक-बी चं एक आखूड रूप आहे, बाहेरचा भाग जसाच्या तसा, बीडीएनएफला धरतं पण आतलं किनेज, म्हणजे फॉस्फेट लावणारा भागच गायब. मेंदूतल्या अॅस्ट्रोसाइट या मदतनीस पेशींमध्ये हेच भरपूर. तुमचे पीसीआरचे प्रायमर (जीन शोधायचे छोटे डीएनए तुकडे) बाहेरच्या भागावर असतील तर मशीन आनंदाने सांगेल 'ट्रॅक-बी आहे', आणि तुम्ही फॉस्फेट शोधत बसाल. प्रायमर किनेजच्या भागावर घ्या किंवा वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रोटीनं आकाराने वेगळी करून अँटिबॉडीने ओळखायची पद्धत) साइझ बघा, पूर्ण रूप १४५ किलोडाल्टनच्या आसपास आणि आखूड ९५ च्या.

साइझवरून आठवलं, ट्रॅक-ए च्या दोन पट्ट्या येतात, ११० आणि १४०. खालची पट्टी बघून लोक म्हणतात प्रोटीन तुटलं. तुटलेलं नाही, ते अजून साखरेचे सगळे दागिने न घातलेलं, आतच तयार होत असलेलं रूप आहे, नटून पेशीच्या बाहेर उभं असतं ते १४० वालं. बाकी वेस्टर्नचं झटपट सांगते कारण हे कुठेही मिळतं: आधी काही तास सीरम काढा नाहीतर सीरममधल्या गोष्टींनी पेशी आधीच जाग्या असतात, बफरमध्ये ऑर्थोव्हॅनाडेट घाला म्हणजे लागलेले फॉस्फेट निघत नाहीत, ब्लॉकिंगला दूध नको बीएसए घ्या कारण दुधातलं केसिन स्वतःच फॉस्फेटवालं आहे, आणि पहिलं सॅम्पल ५ मिनिटांना घ्या. अर्ध्या तासाने थाळी उचललीत तर पालखीचा जोर ओसरलेला असतो. आणि फॉस्फो-ट्रॅकची पुष्कळशी अँटिबॉडी ए, बी, सी तिघांना ओळखते, कारण ती जागा तिघांत जवळपास सारखीच आहे, त्यामुळे नुसत्या तिच्यावरून 'ट्रॅक-ए जागा झाला' लिहू नका.

पण फक्त ५ मिनिटं बघणं ही पण चूकच, आणि माझ्या मते ही सगळ्यात इंटरेस्टिंग चूक आहे. पीसी-१२ ला ईजीएफ (वाढीचं दुसरंच एक प्रोटीन) द्या, पेशीच्या आत निरोप पोचवणारी रास-ईआरके ची साखळी पेटते. एनजीएफ द्या, तीच साखळी पेटते. ५ मिनिटांच्या सॅम्पलमध्ये दोन्ही पट्ट्या सारख्या काळ्या. पण ईजीएफ दिलेल्या पेशी वाढत सुटतात आणि एनजीएफ दिलेल्या शेपट्या काढून बसतात! फरक वेळेचा आहे, ईजीएफचा भडका थोड्या वेळात विझतो, एनजीएफची धग काही तास राहते, चुलीत पात पेटवली तर भपकन जळते आणि लाकडाचा ओंडका रात्रभर धुमसतो तसं. निवड फक्त कोण कोणाला धरतं यात नाही, किती वेळ धरून ठेवतं यातही आहे, त्यामुळे ५ मिनिटं, ३० मिनिटं, २ तास, ४ तास अशी सगळी सॅम्पलं घ्या, हात दुखतील, दुखू देत.

अजून एक घोळ, नावाचा. ही प्रोटीनं आधी लांब रूपात बनतात, पुढचा प्रो-भाग कापला गेला की तयार. पण न कापलेलं रूपही बाहेर येतं आणि त्याची मैत्री वेगळी, प्रो-एनजीएफ पी-७५ आणि सॉर्टिलिन (पेशीवरचा आणखी एक रिसेप्टर) या जोडीला घट्ट धरतं आणि त्यातून पेशी मरू शकते. म्हणजे एकाच जीनमधून जगवणारं पण आणि मारणारं पण. कॅटलॉगमध्ये 'प्रो' हे एवढंसं लिहिलेलं असतं, ऑर्डर देताना वाचत नाही, मग 'एनजीएफने पेशी मेल्या' असा शोध लागतो. प्रोटीन किती आहे ते मोजणाऱ्या एलायझा किटचंही तेच, बरीच किट दोन्ही रूपं एकत्रच मोजतात. आणि बीडीएनएफमधला तो ६६ व्या जागेचा व्हॅलिन-मेथिओनिन बदल, पोरं सेमिनारमध्ये हमखास सांगतात की त्यामुळे बीडीएनएफ रिसेप्टरला कमी चिकटतं. ६६ वी जागा प्रो-भागात आहे बाबांनो, तयार बीडीएनएफ दोघांचं सारखंच, फरक ते पेशीतून बाहेर सोडण्यात पडतो.

छोट्या गोळीसारख्या रेणूंबद्दल पण सांभाळून. ट्रॅक-बी ला थेट जागं करणारे म्हणून जे काही रेणू विकले जातात, ७,८-डायहायड्रॉक्सीफ्लेव्होन वगैरे, त्यांची २०१७ मध्ये एका गटाने काटेकोर तपासणी केली तेव्हा ट्रॅक-बी जागा होताना दिसलाच नाही. त्यांच्यावर प्रोजेक्ट रचायच्या आधी बाजूला खऱ्या बीडीएनएफचा कंट्रोल ठेवून स्वतः बघा.

आता कोकणातलं एक खास. कोहेन यांनी एनजीएफ असलेल्या अर्कातले न्यूक्लिक अॅसिड तोडायला सापाचं विष वापरलं आणि विषातच भरपूर एनजीएफ निघालं, नागासकट बऱ्याच सापांच्या विषात ते असतं. हे वर्गात सांगितलं की देवगडकडचं एखादं पोर विचारतंच, मॅडम म्हणजे फुरसं चावलं तर नर्व्ह वाढते काय? नाही रे. फुरसं चावलं की रक्त गोठेनासं होतं, ताबडतोब सरकारी दवाखाना आणि अँटिव्हेनम, मांत्रिकाकडे जायचं नाही आणि माझ्याकडे पण नाही.

शेजारच्या काकांना डायबेटिसमुळे पायाला मुंग्या येतात, त्यांना कोणीतरी 'नर्व्ह ग्रोथ' लिहिलेल्या कॅप्सूल दिल्या, दाखवायला आले. मी म्हटलं काका, एनजीएफ हे प्रोटीन आहे, पोटात गेलं की त्याचं आणि दुपारच्या बांगड्याचं एकच होतं. डायबेटिसच्या नर्व्हसाठी खरं एनजीएफ इंजेक्शनने देऊन मोठी ट्रायल झालीय, उपयोग सिद्ध झाला नाही, वर सुई टोचली तिथे दुखायचं. दुखणारच, कारण वेदनेच्या नर्व्हवर ट्रॅक-ए असतो. ज्यांच्यात जन्मतः ट्रॅक-ए चा जीन बिघडलेला असतो त्यांना वेदना कळतच नाही आणि घामही येत नाही. डोळ्याच्या कॉर्नियाच्या एका दुर्मिळ आजारासाठी मात्र एनजीएफचे थेंब खरोखर आहेत, अमेरिकेत २०१८ मध्ये मंजुरी मिळाली, कारण तिथे औषध थेट जागेवर पडतं. काका म्हणाले मग या कॅप्सूलचं काय करू, साडेआठशे रुपये गेलेत. मी काय सांगणार, डॉक्टरांना दाखवा म्हटलं, साखर तपासा.

ती साडेअकराच्या मेसेजवाली पोरगी? तिने बीएसए घातलेलं होतं, कोलॅजेन लावलेलं होतं, सगळं बरोबर. शेवटी विचारलं पेशी कितव्या पॅसेजच्या, म्हणजे किती वेळा नव्या थाळीत पेरून वाढवलेल्या, तर म्हणाली माहीत नाही मॅडम, सीनियर सोडून गेला तेव्हापासून त्याच चाललेत. म्हटलं फेकून दे आणि गोठवायच्या टाकीतून पेशींची जुनी कुपी काढ. काल फोटो आलाय, चौथा दिवस, शेपट्या पेशीच्या दुप्पट लांब.